गाणं ऑनलाइन गेलं, मग पैसे कुठे गेले?

ठाण्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. संध्याकाळी नौपाड्यातून चालत निघालात तर एका इमारतीतून तबल्याचा कायदा ऐकू येतो, पुढच्या इमारतीत कराओके ट्रॅकवर जुन्या गाण्यांची तालीम चालू असते, आणि घंटाळीकडे वळलात तर कुठल्यातरी हॉलमध्ये साउंड चेक. यातल्या बऱ्याच जणांचं एखादं तरी गाणं आज यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर आहे. मी गाणं शिकवते, पेटीची साथ करते, आणि ओळखीच्या कलाकारांचे करार नि हिशेबाचे कागद वाचून देण्याचं काम हळूहळू माझ्याकडे येत गेलं. त्यामुळे एक प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो: "ताई, व्ह्यूज दिसतायत, पण पैसे दिसत नाहीत. जातात कुठे?"

पैसे ज्याच्या नावावर गाण्याची नोंद आहे त्याच्याकडे जातात. चाल कोणाची, आवाज कोणाचा, पखवाज कोणी वाजवला, हे ऑनलाइन यंत्रणेला ऐकून कळत नाही. तिला नोंद वाचता येते, बस्स. आपल्याकडे ती नोंद एकतर झालेलीच नसते किंवा दुसऱ्याच्या नावावर झालेली असते. म्हणून गाण्यातून घर चालवायचं असेल तर आधी गाण्यात नेमकं कोणाचं काय असतं ते समजून घ्यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. तुकोबांचा अभंग. नवी चाल कळव्याच्या एका पेटीवादकाने लावली. गायिका डोंबिवलीची. तबला, पखवाज आणि बासरी वाजवायला तिघे जण सेशनला आले. प्रोग्रामिंग आणि मिक्सिंग एकाने घरच्या स्टुडिओत केलं. वादकांचं मानधन आणि व्हिडिओचा खर्च एका हौशी निर्मात्याने उचलला आणि गाणं आपल्या चॅनेलवर चढवलं.

हे गाणं ऐकायला एक, पण कायद्याने त्यात किमान दोन वेगवेगळ्या मालमत्ता आहेत. ठाणेकरांना हे जमीन आणि इमारत या हिशेबाने चटकन कळेल: जमीन एकाची, तिच्यावरची इमारत दुसऱ्याची, आणि सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये दोघांच्या सह्या लागतात. गाण्यातली जमीन म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. इमारत म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात.

आपल्या उदाहरणात शब्द तुकोबांचे, म्हणजे सगळ्यांचे. त्यावर कोणाचाही हक्क नाही. चाल मात्र नवी आहे, आणि ती ज्याने लावली त्याची आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले जनकवी पी. सावळाराम १९९७ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५७ संपेपर्यंत जिवंत आहे. इतका लांबचा हिशेब असतो हा. ध्वनिमुद्रणाचं वेगळं: ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं, आणि त्याचा मालक म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो निर्माता. आपल्या अभंगात तो हौशी माणूस. गायिका आणि तिन्ही वादक यांचा आणखी एक, तिसरा हक्क आहे. त्याला कलावंताचा हक्क म्हणतात आणि तो ५० वर्षांचा असतो.

चालीची कमाई, मास्टरची कमाई आणि कलावंताचा वाटा हे तीन वेगळ्या दारांनी येतात. एका दारावर उभं राहून दुसऱ्या दाराच्या पैशांची वाट बघणारे कलाकार मी खूप पाहिलेत.

आता स्ट्रीमिंगकडे. 'एका स्ट्रीमला इतके पैसे' असा दर छापलेला कुठे नसतो, आणि तिथेच पहिला गोंधळ होतो. स्पॉटिफायसारख्या सेवेकडे महिन्याभरात वर्गणीचे आणि जाहिरातींचे जे पैसे जमतात, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांसाठी बाजूला निघतो. मग त्या महिन्यात एकूण जितकी गाणी वाजली त्यात तुमच्या गाण्याचा जितका हिस्सा, तितका त्या रकमेतला तुमचा हिस्सा. त्यातलाही मोठा भाग मास्टरच्या मालकाला आणि लहान भाग रचनेच्या मालकांना.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. समजा मास्टरवाल्यांना वाटायचे १० कोटी रुपये आहेत आणि महिन्यात गाणी १०० कोटी वेळा वाजली. म्हणजे एका वेळेचे दहा पैसे. आपला अभंग २० हजार वेळा वाजला तर दोन हजार रुपये झाले. पुढच्या महिन्यातही तो २० हजार वेळाच वाजला, पण मधे सणासुदीमुळे लोकांनी इतर गाणी दुपटीने ऐकली आणि जमा रक्कम तितकीच राहिली, तर आपले हजारच होतात. आपण काहीच चुकलेलो नसतो, श्रोतेही कमी झालेले नसतात, तरी रक्कम अर्धी. ही पद्धत मला अन्यायाची वाटते. जो माणूस महिनाभर फक्त अभंगच ऐकतो त्याची वर्गणीही सगळ्यांच्या ढिगात जाते आणि सर्वांत जास्त वाजणाऱ्या गाण्यांकडे वळते.

त्यात आणखी दोन नियम आहेत. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते मोजलं जातं. आणि २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीमसुद्धा मिळालेले नाहीत, त्याच्या मास्टरचे पैसे मुळात मोजलेच जात नाहीत. पहिल्या नियमाचा फटका आपल्या संगीताला कसा बसतो बघा. बावीस मिनिटांचा बडा ख्याल आणि अडीच मिनिटांचं गाणं, दोन्हींची मोजणी एकच. विलंबित एकतालात शांतपणे उलगडलेला यमन आणि कानावर आदळणारं एखादं रीमिक्स यांना हिशेबाच्या तक्त्यात सारखीच जागा. शास्त्रीय गाणाऱ्याने केवळ स्ट्रीमिंगवर जगायचं ठरवलं तर ही रचनाच त्याच्या विरोधात आहे, हे त्याला आधीच सांगायला हवं.

हिशेबाचा तो तक्ता एकदा नीट डोळ्यांखालून घालावा. तुमचं गाणं निरनिराळ्या सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडून तो मिळतो. यात डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी ही ओळखीची नावं. कोणी वार्षिक फी घेतं, कोणी कमाईतून टक्केवारी कापतं. तक्त्यात एकेका ओळीत सेवेचं नाव, देश, महिना, गाण्याचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक, किती वेळा वाजलं, आणि रक्कम. रक्कम दशांश चिन्हाच्या पुढे बऱ्याच शून्यांनी सुरू होते, त्याने दचकू नका. देशाच्या रकान्याकडे बघा. भारताच्या ओळीत शेकड्यांनी स्ट्रीम आणि रक्कम किरकोळ. खाली अमेरिका किंवा जर्मनीच्या ओळीत मोजके स्ट्रीम, पण दर स्ट्रीममागे रक्कम कितीतरी मोठी. कारण साधं आहे: तिथली महिन्याची वर्गणी आपल्यापेक्षा कैक पटींनी जास्त असते आणि आपल्याकडे बहुतेक लोक फुकटच ऐकतात. म्हणून परदेशातला मराठी श्रोता हिशेबातही महत्त्वाचा. तिथल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत गाणं पोचवायला घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

आयएसआरसी म्हणजे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख. भारतात हे क्रमांक देण्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते, आणि बहुतेक वितरक तो आपणहून लावून देतात. वितरक बदलताना जुनाच क्रमांक पुढे न्या. नवा पडला की यंत्रणेच्या लेखी ते गाणं नवं, आणि जुने स्ट्रीम मागे राहतात.

यूट्यूबचं गणित थोडं वेगळं. चॅनेलवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. त्यानंतर लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के भाग चॅनेलला मिळतो, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. पैसे चॅनेलला मिळतात, हे पुन्हा सांगते. आपल्या अभंगात चॅनेल त्या हौशी निर्मात्याचं. गायिकेचा चेहरा दिसतो, खाली लोक तिचं कौतुक करतात, पण आधी काही ठरलेलं नसेल तर तिच्या खात्यात त्यातलं काहीही येत नाही.

यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. मोठ्या कंपन्यांनी आपली ध्वनिमुद्रणं तिथे नोंदवून ठेवलेली असतात. तुमच्या व्हिडिओत त्यातलं काही सापडलं की क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. आपल्याकडे घराघरांत कराओके ट्रॅकवर जुनी गाणी म्हणून व्हिडिओ टाकले जातात. तिथे रचना एका कंपनीकडे, ट्रॅक बनवणारा दुसराच, आणि गाणाऱ्याचा फक्त गळा. छंद म्हणून गावं, मनापासून गावं, पण त्यातून कमाई होईल ही आशा धरू नये. पारंपरिक बंदिशींवर आणि अभंगांवर मात्र चुकीचे क्लेम येतात, कारण तोच राग, तोच ठेका, तोच तानपुरा यंत्राला सारखा वाटतो. अशा वेळी गप्प बसू नका. तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे. शब्द पारंपरिक आहेत आणि ध्वनिमुद्रण माझं आहे, एवढं स्वच्छ लिहायचं. क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सहीचं. माझ्याकडे जे कागद येतात त्यातले बरेचसे एका पानाचे असतात, आणि त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: 'या गाण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी, एकरकमी मोबदल्यात निर्मात्याला देत आहे.' रेकॉर्डिंगच्या दिवशी, माइक लावून झाल्यावर, मानधनाच्या पाकिटाबरोबर तो कागद समोर येतो. कलाकार भिडेखातर सही करतो. माझंही एका चालीच्या बाबतीत हेच झालं, आणि त्या निर्मात्याकडून पुढे हिशेबाची चिठ्ठीसुद्धा आली नाही.

पण २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिने रचनाकारांना मोठा आधार दिला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय जिवाच्या आकांताने लावून धरला होता. दुरुस्ती सांगते की गीतकार आणि संगीतकार आपला हक्क विकू शकतात, पण रॉयल्टीतला निम्मा वाटा सोडून देऊ शकत नाहीत. तो वाटा फक्त वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेला देता येतो. म्हणजे आपल्या चाल लावणाऱ्याने 'सर्व हक्क दिले' अशी सही केली असली, तरी त्याची चाल जिथे जिथे वाजून पैसे येतील तिथे त्याचा समान वाटा कायद्याने उभाच असतो. सिनेमाच्या गाण्यात एकच अपवाद: चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजतं तेवढं सोडून.

आणखी काही कलमं कलाकारांना कोणी सांगत नाही. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, तोंडी बोलण्याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्काचा वापरच केला नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो हक्क परत तुमच्याकडे येतो. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्यासाठी तो करार लागू होत नाही, त्या माध्यमाचा खास उल्लेख केलेला असेल तर गोष्ट वेगळी. 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द निर्माते एवढ्या आवर्जून का घालतात ते आता लक्षात येईल. ते शब्द खोडून तिथे पाच वर्षं असं लिहायला सांगायची हिंमत ठेवा. हो म्हणणारे निर्माते भेटतात, मी पाहिलेत.

हा निम्मा वाटा गोळा कोण करतं? गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्ट्रीमिंग सेवा, टीव्ही वाहिन्या, हॉटेलं, कार्यक्रमांचे आयोजक अशा सगळ्यांकडून परवान्याचे पैसे घेते आणि सभासदांमध्ये वाटते. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओवाल्यांनीही रचनाकारांना रॉयल्टी द्यावी असा अंतरिम निकाल दिला. सभासद व्हायचं, आणि मग आपली प्रत्येक रचना तिथे नोंदवायची. हा दुसरा टप्पा लोक विसरतात. सभासद आहेत, पण एकही गाणं नोंदवलेलं नाही, असे संगीतकार माझ्या ओळखीत आहेत. गायक आणि वादकांसाठी इसम्रा आहे. गायकांच्या हक्कांसाठी सुरू झालेल्या या संस्थेत आता वादकही येतात. आपल्या अभंगातल्या पखवाजवाल्याने सेशनचं मानधन घेतलं म्हणून त्याचा संबंध संपत नाही. व्यावसायिक वापरात कलावंतालाही रॉयल्टीचा हक्क २०१२च्या त्याच दुरुस्तीने दिलाय. फक्त गाण्याच्या नोंदीत त्याचं नाव वादक म्हणून असायला हवं. ते असेल तरच पुढचं काही होऊ शकतं.

एवढं सगळं बिनचूक केलं तरी घर चालेल का? स्पष्ट सांगते, बहुतेकांचं नुसत्या रॉयल्टीवर चालणार नाही. वरच्याच दहा पैशांच्या हिशेबाने बघा: एखाद्या घरगुती मैफलीत चाळीस श्रोत्यांनी तीनशे-तीनशे रुपये दिले तर बारा हजार होतात. तेवढ्यासाठी गाणं एक लाख वीस हजार वेळा वाजावं लागेल. म्हणून डिजिटल काळातही पोटाचा मुख्य आधार समोरासमोरचं गाणं आणि शिकवणं हाच राहिलाय. ऑनलाइन गाणं त्या दोन्हींकडे माणसं आणून देतं, हे त्याचं खरं मोल.

कार्यक्रमांचं बघा. पूर्वी ओळखीवर सुपारी मिळायची, एखादा वाद्यवृंदवाला नाव सुचवायचा आणि नाइट ठरायची. आता गडकरी रंगायतनचा कार्यक्रम असो, घाणेकर नाट्यगृहातला असो, वाशीच्या भावे नाट्यगृहातला असो की घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीतली दिवाळी पहाट, आयोजक पहिल्यांदा म्हणतो, "लिंक पाठवा." त्या लिंकवर दोन-तीन मिनिटांचा, स्वच्छ आवाजाचा, प्रत्यक्ष कार्यक्रमातला तुकडा असावा. स्टुडिओत घासूनपुसून केलेला व्हिडिओ आयोजकाच्या उपयोगाचा नाही, त्याला तुम्ही रंगमंचावर कसे आहात ते बघायचं असतं. माझा अनुभव असा की साथसंगत करणाऱ्यांनी असे तुकडे ठेवलेच नाहीत. सगळे व्हिडिओ गायकाच्या चॅनेलवर, आणि तबलजीचं नाव वर्णनातसुद्धा नाही. कार्यक्रम संपल्यावर दोन दिवसांत फोन करून नाव टाकून घ्यावं, यात कमीपणा काही नाही.

ट्रॅकवर गाण्याच्या कार्यक्रमांनी वादकांचं काम कमी केलं, हे दुखणं ठाण्यात खरं आहे. पूर्वी एका नाइटला दहा-बारा वादक लागायचे, आता एक लॅपटॉप आणि ऑपरेटर. पण त्याच सोसायट्यांमध्ये लोकांना जिवंत ढोलकी ऐकायची भूक आहे. दोन वादक आणि एक गायक असा लहान संच परवडेल अशा बिदागीत नेणारे काही तरुण चांगले स्थिरावलेत.

शिकवण्याचं क्षेत्र याहून भक्कम. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी कितीतरी शिक्षकांची घरं चालवली आहेत. वाशीला मंडळाची वास्तू आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत ट्रान्स हार्बरच्या गाडीत हातात तबल्याची बॅग घेतलेली मुलं दिसतात. त्यात आता परदेशातले विद्यार्थी आले. सकाळी सात वाजता अमेरिकेतली मुलगी तिच्या संध्याकाळी शिकते, रात्री लंडनची. फी तिथल्या मानाने घेता येते.

पण ऑनलाइन शिकवण्यात एक मोठी अडचण आहे. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाचा छोटासा भाग असतो, तरी त्यात दोघांनी एकत्र ठेका धरणं अशक्य. तिने सम गाठली की माझ्या कानावर ती पुढच्या मात्रेत येते. म्हणून विद्यार्थ्याकडे त्याच्या बाजूलाच तालाचं ॲप लावायचं, आणि आपण फक्त ऐकायचं. दुसरं, हे कॉल माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले आहेत. पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी यंत्रणा तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजते आणि गायबच करून टाकते, लांबवलेला सा मधेच विरतो, डग्ग्याची घुमक तर ऐकूच येत नाही. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज तसाच पाठवायची सोय दिलेली आहे, ती दोन्ही बाजूंनी चालू करावी लागते. पहिल्या दहा मिनिटांत पालकांना हे करायला लावलं की पुढचं वर्ष सुखाचं जातं.

तिसरी वाट घरच्या स्टुडिओची. चांगला माइक, ऑडिओ इंटरफेस आणि जाड पडदे लावलेली एक खोली असेल तर बासरीवाला ठाण्यात बसून पुण्याच्या, चेन्नईच्या किंवा टोरंटोच्या गाण्यात वाजवू शकतो. समोरून क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, आणि गाण्याचा कच्चा ट्रॅक येतो, आपण वाजवून वेव्ह फाइल पाठवायची. पैसे ठरवताना किती टेक देणार आणि किती वेळा बदल करून देणार हे आधी लिहून घ्यावं. नाहीतर 'जरा एवढं बदलून द्या ना' हे कधी संपत नाही.

याच स्टुडिओच्या कागदांत आता नवी ओळ दिसायला लागलीय: 'या आवाजाचा वापर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी करता येईल.' जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. तो मोठा कलाकार, त्याला वकील परवडतात. तुमच्या-माझ्यासारख्यांनी ती ओळ सहीआधीच खोडावी, किंवा त्याचा वेगळा मोबदला मागावा. एकदा दिलेला आवाज परत आणता येत नाही.

कराचं थोडक्यात. रॉयल्टी आणि मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर २० टक्के. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, आणि कंटाळा केला तर सरकारजमाच राहतो. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर लागते. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. यूट्यूबच्या खात्यात अमेरिकी कराची माहिती भरायला विसरू नका. ती भरली की फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर कर कापला जातो, आणि भारतीयांसाठी तो १५ टक्के. न भरल्यास जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात.

पुढच्या गाण्याआधी सगळ्यांनी मिळून एक पानाची वाटणी लिहावी. चालीत कोणाचे किती टक्के, मास्टरमध्ये कोणाचे किती, कोणी काय वाजवलं, नावं कशी लिहायची, चॅनेल कोणाचं, हिशेब किती महिन्यांनी द्यायचा. आपल्या अभंगाच्या बाबतीत मी म्हणेन की चाल पूर्ण पेटीवाल्याची राहू दे. मास्टरमध्ये खर्च वसूल होईपर्यंत निर्मात्याला सगळं, त्यानंतर निर्माता निम्मा आणि उरलेल्या निम्म्यात गायिका, प्रोग्रामर आणि वादक. हाच वाटा योग्य असा काही नियम नाही. सेशनच्या आधी ठरला, व्हॉट्सअॅपवर टाकला आणि सगळ्यांनी 'मान्य' लिहिलं, तरी पुढचे निम्मे वाद टळतात. सहीचा कागद केला तर उत्तमच.

आणि जी गाणी आधीच होऊन गेली आहेत त्यांचं काय? आज यूट्यूबवर आपलंच जुनं गाणं शोधा. चॅनेलच्या नावापुढे 'टॉपिक' असं लिहिलेला, फक्त कव्हरचं चित्र असलेला व्हिडिओ सापडला तर तो वितरकाकडून आपोआप तयार झालेला असतो. त्याचं वर्णन उघडा. पहिल्याच ओळीत कोणी पुरवलं ते नाव दिसतं, आणि खाली वर्तुळातल्या पी या खुणेपुढे वर्ष आणि मास्टरच्या मालकाचं नाव. ते नाव ओळखीचं नसेल, किंवा तुम्ही पैसे दिलेल्या गाण्यावर दुसऱ्याचं असेल, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. जुना करार सापडतो का बघा, त्यात मुदत लिहिली होती का ते वाचा, आणि त्या मालकाला ईमेलने आतापर्यंतच्या हिशेबाची मागणी करा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच संध्याकाळी 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून दोन ओळी लिहून पाठवा.